पाचव्या दिवसाचं परिसरदर्शन

ऑफिसात त्यांना सगळे मुक्कामबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला ते ऑफिस होतं. जिन्यात रबराचा वास, आत तीन टेबलं, दोन फोन आणि एका भिंतीवर आढ्यापर्यंत गेलेला डोंगरांचा नकाशा. उंच पहाडातल्या बेस कॅम्पपर्यंत लोकांना नेऊन आणणारी ती कंपनी. वाटाडे वर असायचे, मालक फिरतीवर असायचे, आणि कोणत्या रात्री कोणी किती उंचीवर पाठ टेकायची हे मुक्कामबाई ठरवायच्या. सव्वीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं.

त्या स्वतः मात्र त्या वाटेवर कधी गेल्या नव्हत्या. लहानपणी आलेल्या तापाने हृदयाची एक झडप कायमची बिघडवली होती. ऑफिसचा जिना चढतानाही मधल्या वळणावर कठडा धरून दोन मिनिटं थांबावं लागे आणि टायरवाला रोज न चुकता विचारी, "काय बाई, आज किती मीटर झाले?" बाई रोज न चुकता त्याच्याकडे दुर्लक्ष करत.

न पाहिलेल्या वाटेबद्दल बोलायचं म्हटलं की माणूस एक तर थापा मारतो, नाही तर नको तितका काटेकोर होतो. बाई दुसऱ्या प्रकारच्या. ट्रेकहून परतलेलं गिऱ्हाईक फोटो दाखवायला ऑफिसात आलं, की त्या फोटोंकडे ढुंकूनही बघत नसत. तिसऱ्या मुक्कामावरचा नळ सकाळी किती वाजता वाहता झाला? झुलत्या पुलावर खेचरं कोणत्या वेळी आडवी आली? कोणाला कुठे उलटी झाली? अशा प्रश्नांनी त्या समोरच्याला धारेवर धरत. बिचारा आलेला असे कौतुक करून घ्यायला आणि जाई जबानी देऊन. पण म्हणूनच सव्वीस वर्षांत त्यांच्या आखणीने गेलेलं एकही माणूस हवेने आजारी पडून उचलून आणावं लागलं नव्हतं. वाटाडे हे आपणहून सांगत. मालक गिऱ्हाइकांना सांगत, पण बाईंचं नाव गाळून.

ह्या कामाचं मर्म एवढंच, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज थोडीशीच वाढवायची आणि दर दोन-तीन दिवसांनी एक दिवस अजिबात वाढवायची नाही. त्या दिवशी सकाळी चारशे मीटर वर चढून यायचं आणि झोपायला परत कालच्याच खाटेवर. विरळ हवेशी शरीराचं जमायला वेळ लागतो. तो दिला नाही तर फुप्फुसात पाणी होतं किंवा मेंदूला सूज येते, मग माणूस कितीही धट्टाकट्टा असो. उलट धट्टाकट्टा माणूसच आधी मरतो, असं बाईंचं मत होतं, कारण त्याला थांबायची लाज वाटते.

पूर्वी कागदावर ह्या दिवसापुढे सरळ 'विश्रांती' लिहिलेलं असे. लोक नाक मुरडत. "आम्ही काय झोपा काढायला चाललोय?" असं विचारत आणि शेजारच्या कंपनीकडे जात. एकदा मालक वैतागून म्हणाले, "बाई, तो शब्द काढा. दिवस ठेवा हवं तर, पण तो शब्द मला नको."

बाईंनी शब्द काढला. त्या जागी लिहिलं : 'परिसरदर्शन. डोंगरधारेवरून सात शिखरांचं एकत्र दृश्य.' धार होती, शिखरंही होती, खोटं काहीच नव्हतं. पाचव्या दिवशी एक आणि आठव्या दिवशी एक. त्या हंगामात एकही तक्रार आली नाही. ज्यांना विश्रांतीचा राग येत होता तेच लोक परिसरदर्शन करून, घाम गाळून, खूश होऊन परत आले. बाईंना आपल्या ह्या युक्तीचा मनापासून अभिमान होता. दर हंगामाच्या सुरुवातीला त्या वाटाड्यांना समोर बसवून सांगत, "हे दर्शनबिर्शन गिऱ्हाइकांसाठी. तुमच्यासाठी हा डॉक्टरचा कागद आहे. आभाळ कोसळलं तरी हा दिवस मोडायचा नाही." वाटाडे हसत आणि माना डोलवत. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग दादा निवृत्त झाला.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. शाळेत खेळाचा मास्तर. छत्तीस वर्षं शिट्टी वाजवून त्याने हजारो पोरांना मैदानाभोवती पळवलं होतं आणि स्वतः त्यांच्या पुढे पळाला होता. वडील लवकर गेले, तेव्हा घरही त्यानेच ओढलं. तापातून उठलेल्या बहिणीला पाठुंगळी मारून शाळेचे तीन मजले चढायचा तोच, आणि "तुला पळणं नाही, चढणं नाही, तू टेबलाचं काम शीक" असा निकाल देणाराही तोच. ती शिकली. पुढे कंपनीत लागली तेव्हा त्याने तिच्या कामाला नाव दिलं, 'बसल्या बसल्या गिर्यारोहण'. प्रत्येक घरगुती कार्यक्रमात तो हा विनोद करी आणि सगळे हसत. बाईही हसत. पंचवीस वर्षं एकाच विनोदाला हसणं सोपं नसतं.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्याने सकाळी फिरायला येणाऱ्या दहा जणांची टोळी जमवली आणि जाहीर केलं, की आपण बेस कॅम्पला जाणार. चार कंपन्यांचे कागद मागवले आणि बहिणीला घरी बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर चारही कागद पसरलेले, दादाच्या कानावर लाल पेन्सिल. वहिनींनी चहा ठेवला.

"ह्या तिघांनी दोन-दोन दिवस विश्रांती घातलीय," दादा म्हणाला. "माणसं आहेत का बटाट्याची पोती? तुमच्याच कागदात ती भानगड नाही. का गं? खरंच लागत नाही?"

बाईंच्या हातात कप होता. आत्ता सांगावं, असं त्यांना वाटलं. पण सांगितलं तर काय होणार तेही दिसत होतं. मला साठीचा म्हातारा समजतेस का, म्हणून तो आकाशपाताळ एक करणार, तो दिवस खोडायला लावणार, नाही तर पाचव्या कंपनीचा कागद मागवणार. न सांगता तो निमूटपणे धारेवर जाईल, शिखरं बघेल आणि खाली येऊन झोपेल. अकरा वर्षं सगळे तसेच झोपले होते.

"आमची आखणीच तशी आहे," त्या म्हणाल्या. "चढ असा वाटून दिलाय की वेगळी विश्रांती लागत नाही."

दादाने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. पेन्सिल कानावरून काढली आणि कुठेही न टेकवता खाली ठेवली.

"तुला काम येतं गं, चिमे," तो म्हणाला. "मला वाटायचं तू नुसती तिकिटं काढतेस."

वहिनी हसल्या. बाईंना काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्यांना इतकं बरं वाटलं, की घरी जाताना त्या चालत गेल्या, रिक्षा केली नाही. सव्वीस वर्षांत मालकाच्या तोंडून जे निघालं नव्हतं ते दादाच्या तोंडून निघालं होतं. त्या एका वाक्यापुढे त्यांना बाकीचं काही बोलावंसं वाटलं नाही. खरं कारण हेच होतं. त्याच्या रागाचं, पाचव्या कंपनीचं, हे सगळं त्यांनी स्वतःला नंतर समजावलेलं.

पुढचे दोन महिने बाईंनी दादाच्या कागदावर जितका जीव ओतला तितका कोणाच्याच कागदावर ओतला नव्हता. कोणत्या मुक्कामावर खोली वाऱ्याच्या आडोशाला मिळेल ते फोन करून ठरवलं. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन पाकिटांत विभागून दिल्या. हातमोजे दोन जोड, आतून घालायचे वेगळे. वहिनी म्हणाल्या, "अगं, तो लढाईवर नाही चाललाय."

निघायच्या तीन दिवस आधी जुना वाटाड्या जिन्यावरून घसरला आणि घोटा मोडून बसला. उंच पहाडातला जिना नव्हे, त्याच्या स्वतःच्या घराचा. मालकांनी ऐन वेळी दुसरा पाठवला. माणूस तिशीचा, चांगला, पण आतापर्यंत खालच्या जंगलवाटांवर काम केलेला. हंगामाच्या बैठकीला तो नव्हता. बाईंनी त्याला फोन लावला आणि वीस मिनिटं बोलल्या. दादा चिडका आहे पण मनाचा साफ आहे. त्याला हुकूम करू नका, विचारल्यासारखं करा. गोळ्या सकाळी घेतल्या का ते बघा. गरम पाणी भरपूर द्या. पाचव्या दिवसाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी ती गोष्ट इतकी उघड होती, की ती सांगावी लागते हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपणच तिच्यावर पांघरूण घातलंय हे त्या विसरून गेल्या होत्या.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. वरून वाटाड्या बोलत होता. आवाज तुटत होता.

"ताई, मास्तरांचं काही खरं नाही. सकाळपासून बुटाची नाडी बांधतायत, बांधताच येत नाहीये. मी सरळ रेषेत चालायला लावलं तर दोन पावलांत पडले. बोलतात ते कळत नाही."

"कुठे आहात तुम्ही?"

त्याने शेवटच्या मुक्कामाचं नाव सांगितलं.

बाईंनी समोरचा कागद बघितला. बघायची गरज नव्हती, तो पाठ होता. "तिथे कसे असाल? आज तुम्ही दोन मुक्काम खाली असायला हवेत."

"दोन्ही परिसरदर्शनं रद्द केली ना, ताई. पुढे हवा बिघडणार असं कळलं होतं. मास्तरांनी सगळ्यांचे हात वर करून घेतले. म्हणाले, परिसर येताना बघू, आधी बेस कॅम्प गाठू. मी म्हटलं कागदात आहे. तर म्हणाले, कागदात शिखरं बघायची आहेत, ती काय कुठे पळून जातात?"

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ताई, विश्रांती लिहिलं असतं तर मी वाटेत आडवा पडलो असतो. दर्शनासाठी कोण आडवा पडणार?"

"खाली उतरवा," बाई ओरडल्या. तिन्ही टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. "कशाची वाट बघू नका. पाठीवर घ्या, दोरीने बांधा, काहीही करा, पण आत्ताच्या आत्ता खाली उतरवा!"

ढगांमुळे हेलिकॉप्टर आलं नाही. चार हमालांनी आळीपाळीने पाठीवर घेऊन दादाला सात तास उतरवलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना पाठीवर घेतलं, तो बरळत, लाळ गाळत, परक्यांच्या पाठीवरून खाली आला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचला. जीव वाचला. सूज उतरली, बोलणंही हळूहळू ताळ्यावर आलं. तोल मात्र गेला तो गेलाच. भिंत धरल्याशिवाय त्याला चालता येईना. डॉक्टर म्हणाले, "सराव करा, बघू." ह्यातल्या 'बघू'चा अर्थ वहिनींनाही कळला.

मालकांनी बाईंना आत बोलावलं. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. 'पाचव्या आणि आठव्या दिवसाचं परिसरदर्शन आम्ही स्वखुशीने वगळत आहोत.' खाली अकरा सह्या, सगळ्यात वर दादाची, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायचा तशीच लफ्फेदार.

"लेखी आहे," मालक म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं आणि ते लपवायचं भानही त्यांना नव्हतं. "आपल्यावर काही येत नाही. आणि तसंही बाई, तो कागद तुमचा. वगळू नये असं कुठे लिहिलंय त्यात?"

"शब्द काढा असं तुम्ही म्हणाला होतात."

"शब्द काढा म्हणालो. दुसरा कोणता घाला ते मी सांगितलं होतं का?"

माणूस नीच होता, पण चुकीचं बोलत नव्हता. बाईंनी त्याच दुपारी पुढच्या हंगामाच्या कागदात 'विश्रांती' लिहिलं. आठवड्याने छापून आला तेव्हा त्यात परिसरदर्शनच होतं. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. मूग गिळून गप्प बसायची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत, आणि त्यांना तर आधीपासूनच होती.

रविवारी रविवारी त्या दादाकडे जात. वहिनींनी घरातल्या बोळात खडूने एक लांब सरळ रेघ आखली होती. दादा शाळेतल्यासारखी पांढरी पँट चढवी, गळ्यात शिट्टी नसे एवढंच, आणि त्या रेघेवरून चालायचा सराव करी. चवड्याला टाच, चवड्याला टाच. चौथ्या पावलाला झोकांडी जाई. मग भिंतीवर हात आपटून तो स्वतःला शिव्या देई. "छत्तीस वर्षं पोरांना शिकवलंस, आणि तूच कच्चा निघालास! साठ वर्षांच्या बायका वर जाऊन आल्या. कशाचा मास्तर तू?" त्याच्या टोळीतले दहा जण बेस कॅम्पला पोचले होते, त्यांतल्या तिघांची डोकी ठणकली एवढंच. तो एकटाच कोसळला होता. आपलं शरीर लायकीचं नव्हतं, असा हिशोब त्याने स्वतःशी मांडला होता. टोळीतलं कोणी भेटायला आलं की तो आतल्या खोलीत जाऊन झोपल्याचं सोंग करी.

बाई बोळाच्या तोंडाशी खुर्चीवर बसून हे बघत. सांगायचं त्या दर रविवारी ठरवत. सकाळी जिन्यापर्यंत धीर टिके, दारात वहिनी दिसल्या की जाई. सांगितलं तर तो सुटेल, हे त्यांना कळत होतं. ह्यात त्याचं शरीर नापास झालेलं नव्हतं. ज्या दिवशी शरीराला उसंत मिळायची होती तो दिवस त्याला दिसू दिला नव्हता. पण तो सुटला की आपण अडकणार, हेही कळत होतं. असे सहा महिने गेले.

शेवटी एका रविवारी तो तिसऱ्याच पावलाला पडला. कोपर फुटलं. वहिनी कापूस आणायला आत गेल्या आणि दादा फरशीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. "मी दुबळाच होतो गं, चिमे. आयुष्यभर नाटक केलं मी."

"नाही रे दादा," बाई म्हणाल्या आणि मग थांबता येईना. पाचवा दिवस, आठवा दिवस, विश्रांती, परिसरदर्शन, अकरा वर्षं. "ती विश्रांतीच होती. मी नाव बदललं होतं. तुझ्यात काहीही कमी नव्हतं. दोन्ही दिवस थांबला असतास तर धावत खाली आला असतास."

वहिनी कापूस हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

दादाचं रडणं थांबलं. तो बराच वेळ बहिणीकडे बघत राहिला. नीट समजून घेताना त्याला आता वेळ लागे.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "ह्याच घरात बसून."

"हो."

"बाहेरच्यांना काय सांगायचं ते तू सांग. मला का नाही सांगितलंस?"

तू चिडला असतास, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण सहा महिने पोटात ठेवून ते उत्तर आता सडलं होतं. "तू म्हणालास ना, तुला काम येतं म्हणून," त्या म्हणाल्या. "ते ऐकल्यावर मला सांगवेना."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

वहिनींनी कापूस टेबलावर ठेवला. दादाने कोपराचं रक्त सदऱ्याला पुसलं.

"ते एक वेळ असू दे," तो सावकाश म्हणाला. "माणसाकडून होतं. पण त्यानंतर सहा महिने मी इथे स्वतःला कुत्र्याला द्याव्यात तशा शिव्या घालत होतो. आणि तू दर रविवारी समोर खुर्ची टाकून, चहा पीत बघत होतीस."



दादाने भिंतीला पंजा टेकवला आणि उठायला लागला. शरीर एका अंगाला गेलं. बाई धावल्या, दम लागला तरी धावल्या, आणि त्याच्या दंडाला हात घातला.

त्याने तो हात सोडवून घेतला. रागाने नव्हे, अगदी हळू, एकेक बोट उचलून.

"तू नको," तो म्हणाला, आणि भिंत धरून वहिनी जवळ येईपर्यंत तसाच वाकडा उभा राहिला.